शेवईएवढं काळीज

“हाई कोनं कायीज शे, ते आधी सांगा!”

“तिचंच आहे! तिच्याच पोटातून काढलंय, माझ्या हातानं!”

“तिनं शे, तं मंग ती जित्ती कशी?”

यावर आमच्या कर्णिक डॉक्टरांचं तोंड जे उघडलं ते मिटेच ना! मुंबईत शिकलेला, विलायतेला जाऊन आलेला माणूस. आणि शहाद्यात कापसाची सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनाच्या अंगणात, केळी विकून रिकाम्या झालेल्या बैलगाडीला टेकून एक शेतकरी त्यांना विचारतो, काळीज बाहेर, मग बाई जिवंत कशी!

“अहो, सगळं नाही काढलं. एवढंसं. शेवईएवढं.”

“कायीज काय गूयनी भेली शे, जराखा तुकडा तोडी लिधा?”

काळीज म्हणजे काय गुळाची ढेप, असं म्हणून भांडणारे होते भगवान आप्पा. ज्या बाईवरून भांडण चाललं होतं त्या जमनाचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जमना आत खाटेवर. मी मधे, दारात आडवी उभी. आणि डॉक्टरांच्या मुठीत बोटभर उंचीची बाटली. तिच्या तळाशी जमनाच्या काळजाचा तो तुकडा.

प्रश्न एकच होता. जमनाच्या लेकीची हळद दोन दिवसांवर आली होती. आई त्या हळदीला घरी जाणार की नाही?

गेली. त्याच गाडीतून गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच जीव टांगून बसणार नाही. पण कशी गेली ते शेवटी. असल्या गोष्टी साठतात कशा, ठाऊक आहे? तापीच्या पाण्याचा चुना हंड्याच्या बुडाशी बसतो तशा. रोज घासा, हंडा वरून लखलखतो, आणि एक दिवस पाणी तापायला उशीर का लागतो म्हणून आत हात घालावा तर बुडाशी बोटभर दगड! आज तो दगड खरवडायला बसले आहे. मधे कुणी बोलू नका.

*

तेव्हा आमचा जिल्हा धुळे. नंदुरबारचा जिल्हा होईल असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्याला थंड पाणी प्यायला दिलं असतं. कर्णिक डॉक्टर मुंबईहून आले ते एकाच कामासाठी. न उतरणारी कावीळ! साधी कावीळ महिना-दीड महिन्यात उतरते, नाहीतर माणूस तरी जातो. पण काही माणसांची वर्षानुवर्षं ठाण मांडून बसते. काळजातून, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत यकृतातून, पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या एकेक करून नासत जातात, काळीज निबर होत जातं. का, ते तेव्हा जगात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना ते शोधायचं होतं.

जिनाच्या गोदामात खाटा टाकल्या. भिंतींना चुना मारला. महिन्याभरात भिंती पिवळ्या! परत चुना, परत पिवळ्या. डॉक्टर म्हणत पाण्यात लोखंड आहे. असेल. गावानं मात्र नाव ठेवून टाकलं, पिवळा वॉर्ड.

मला घेतलं होतं फरशी पुसायला. अक्षरं मी औषधांच्या खोक्यांवरून उचलली. कुणी शिकवली नाहीत, कुणाचे उपकार नाहीत. आधी मराठी, मग इंग्रजी. डॉक्टरांची मासिकं मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची, आणि अडलं की भांडून विचारायची. पुढे पुढे फरशी दुसरं कोणीतरी पुसू लागलं आणि मी पेशंट सांभाळू लागले. सगळे मला जिजी म्हणत. तिसरे आमचे मुनीरभाई. रक्ताच्या नळ्या यंत्रात घालून हातानं गरागरा फिरवायचे, रक्त खाली बसवायचे, वरचं पिवळं पाणी बर्फाच्या पेटीतून मुंबईला पाठवायचे. भित्रे, पण हात असा स्थिर की सुईत दोरा चालत्या एस.टी.त ओवतील!

*

जमना आली ती खाजवतच आली.

पुरळ नाही, गांधी नाही, नुसती खाज. आधी तळहात, मग तळपाय, मग सगळं अंग. कातडी काळवंडलेली. आणि दोन्ही डोळ्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यात चरबीच्या पिवळ्या गाठी, जणू कुणी हळदीचं बोट लावून पुसायला विसरलं. डॉक्टर तिला बघून इतके हरखले की मला लाज वाटली. पुस्तकात वाचलेली बाई दारात उभी होती त्यांच्या!

तिच्या गावानं मात्र वेगळं वाचलं होतं. तापीकाठचं गाव, घरची केळी-कापूस, खाऊनपिऊन सुखी घर. शेजारचं मूल तापानं गेलं. भगत बोलावला. तो म्हणाला, गल्लीत डाकीण आहे, ती लोकांची काळजं खाते, आणि खाल्लेलं तिच्या डोळ्यांत उतरतं. सगळी गल्ली जमनाच्या डोळ्यांकडे बघायला लागली. तिचा नवरा आनंदा गरीब गाय. एका पहाटे तिला आमच्याकडे सोडून गेला, आणि जाताना माझ्याशीसुद्धा नजर मिळवेना.

ही बातमी जमनाच्या आधी वॉर्डात पोचली होती. शेजारच्या खाटेवरची बाई पांघरूण डोक्यावर घेऊन थरथरायला लागली. जमना तिच्याकडे वळली. गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, वाळक्या जाळीनं हात खाजवत, अगदी मायेनं म्हणाली,

“भिऊ नको माय. आठे समदासना कायीज सडेल शेतस. मी खाऊ तं काय खाऊ?”

*

डॉक्टरांचा एक नियम होता. डोळे बघायचे ते दिवसाच्या उजेडात. दिवा लागला की तपासणी बंद! कंदिलाचा उजेड पिवळा. त्यात डोळ्यांचा पिवळेपणा विरघळून जातो, दिसतच नाही. दुपारी हळदीसारखा दिसणारा माणूस दिवेलागणीला गोरापान. आमच्या वॉर्डात रोज संध्याकाळी सगळे बरे होत!

सुपडू म्हणून एक जवान पेशंट होता. त्याची आई बाजारात भाजी विकायची. बाजार उठला की यायची, म्हणजे कंदील लागल्यावर. आली की त्याची हनुवटी धरून बघायची. “आज तं कसा गोरा दिसी ऱ्हायना मन्हा पोऱ्या!”

डॉक्टर म्हणायचे, बाई, एकदा सकाळी येऊन बघ. ती म्हणायची, सकाळी आले तर मेथी कोण विकणार?

सुपडूचं पोट फुगलं, पाय सुजले, दिवसा त्याच्याकडे बघवेना. आई मात्र रोज रात्री खुशीत घरी जायची.

तो गेला दिवस मावळताना. कंदील लावला तेवढ्यात ती दारात.  ती खाटेशी बसली, हनुवटी धरली, बघत राहिली. मग आमच्याकडे वळून हसली. “नींद लागनी वाटस. आज तं एकदम बरा दिसस!”

डॉक्टर माझ्या कानाशी आले. “जिजी, कंदील बाहेर ने. अजून थोडा उजेड आहे, तिला दिसेल.”

मी नाही नेला. म्हटलं, “सकाळपर्यंत बरा राहू दे त्याला!”

*

काळजाचा तुकडा काढायची सुई लांब असते. बरगडीच्या खालून उजव्या अंगाला एका झटक्यात आत, एका झटक्यात बाहेर. पण त्या क्षणी पेशंटनं श्वास घ्यायचा नाही. श्वास घेतला की काळीज हलतं, आणि सुई आत असताना काळीज हललं की फाटतं. म्हणून हुकूम द्यायचं काम माझं. “सोड!” म्हटलं की श्वास सोडायचा. “धर!” म्हटलं की तसंच राहायचं. सुई बाहेर आली की “ले!” म्हणजे घे.

दौलतबाबा म्हणून एक म्हातारा. सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांची दलाली करायचा. मी “सोड” म्हटलं, “धर” म्हटलं, सुई गेली, आली, आणि मला जो ठसका लागला! खोकतेय, खोकतेय. डॉक्टर तुकडा घेऊन उजेडाकडे गेलेले. इकडे म्हातारा डोळे फिरवतोय, ओठ काळेनिळे, पण श्वास घेईना! कसंबसं मी “ले!” म्हटलं तेव्हा भात्यासारखा आवाज करून त्यानं हवा ओढली.

“बाबा, जीव गेला असता ना!”

“जिजी, थांब म्हनं की घोडा थांबस. मी काय घोडापेक्षा कमी शे?”

सगळा वॉर्ड हसला. म्हाताऱ्यालाही मोठा गर्व!

पुढे तो घरी गेला, आणि वर्षाच्या आत त्याचा मुलगा मला न्यायला आला. म्हणाला, बाबा काल गेले, पण तुम्हाला यावं लागेल. शेवटी शेवटी एकच बोलत होते, की जिजी “धर” म्हणाली, “ले” म्हणायची राहिली.

मी गेले. म्हातारा अंगणात ठेवलेला. छाती आत गेलेली, तोंड घट्ट मिटलेलं. गाव बघत होतं. मी वाकले आणि त्याच्या कानात म्हटलं, “ले, बाबा.”

मेलेल्याच्या छातीतून हवा बाहेर पडते, तसा आवाज होतो, हे मी पुस्तकात वाचलंय. बाहेर पडते. आत जाते असं मी अजून कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही!

*

काविळीची माळ तुम्ही पाहिली असेल. वैदू कसल्या तरी ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतो, टिचभर माळ करतो, डोक्यावर मुकुटासारखी ठेवतो. माळ आपोआप वाढते. कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. पायाशी पोचली की कावीळ उतरली!

जत्रेतून कोणीतरी माळांचा झुबकाच आणला. मला वाटलं डॉक्टर फेकून देतील. ते म्हणाले, “ते माझ्या सुईला नाही म्हणत नाहीत, मी त्यांच्या माळेला का म्हणू?” पण हळूच मुनीरभाईंना सांगून एक माळ त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली.

काही दिवसांत खिळ्यावरची माळ जमिनीला टेकली! डॉक्टर टाळ्या पिटायला लागले. “बघा! काड्या वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. बस, एवढंच! माणूस असो की खिळा.”

सगळ्यांच्या माळा लांबल्या. जमनाची लांबेना. जशी घातली तशी कपाळावर चिकटून. डॉक्टर म्हणाले, तिचं अंग ओलसर असेल. मी म्हटलं, हात लावून बघा, खापरासारखं कोरडं आहे! त्यांनी हात लावला आणि स्वतःची बोटं चोळून पाहिली.

जमनानं जमिनीला टेकलेली ती खिळ्यावरची माळ पाहिली, भिंतीवर प्रेमानं थाप मारली. “चला, भित तं बरी व्हयनी!”

आणि खोटं सांगत असेन तर जीभ झडो. त्यानंतर चुना मारला तेव्हा तीन भिंती नेहमीसारख्या पिवळ्या झाल्या. खिळ्याची भिंत शेवटपर्यंत पांढरी राहिली.

*

खाजेचा आवाज तुम्हाला ठाऊक नाही. दुपारी सगळं निजलेलं असताना वॉर्डात एकच आवाज चाले. खर्र… खर्र… खर्र. जमनाचा, आणि कोपऱ्यातल्या मंजुळा म्हातारीचा. तिचंही दुखणं तेच.

म्हातारी गेली. खाट बाहेर काढली, उकळतं पाणी ओतलं, उन्हात उलटी टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातून खर्र… खर्र.

मुनीरभाई म्हणाले, लाकडातला किडा. खाट आपटली, झोडली, रॉकेल पाजलं. दुपार झाली की खर्र… खर्र. रिकाम्या अंगणात, रिकाम्या खाटेचा आवाज! मुनीरभाई जेवणाचा डबा घेऊन मशिदीच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले.

एका दुपारी जमना उठली. बाहेर गेली, उलट्या खाटेशी बसली, आणि आपल्या हातातल्या गिलक्याच्या जाळीनं खाटेच्या पाठीला सावकाश खाजवायला लागली. आपण एकमेकींची पाठ खाजवतो ना, तशी. थोडं वर. थोडं डावीकडे.

आवाज थांबला. परत आला नाही.

आत येताना मला म्हणाली, “तिना हात पाठलगून पुरे नही, जिजी.”

*

डॉक्टर एकदा मुंबईहून आले ते नाचतच. जमनाच्या रक्ताचं पिवळं पाणी तिथे नव्या पद्धतीनं तपासलं होतं. उंदराच्या मूत्रपिंडाचा पातळ काप काचेवर ठेवायचा, त्यावर जमनाचं पाणी, त्यावर रंग, आणि अंधाऱ्या खोलीत खास दिव्याखाली बघायचं. बाकीच्यांच्या काचा काळ्या. जमनाची हिरवी चमकली, काजव्यासारखी!

झालं! मुनीरभाई जमनाच्या नळीला हात लावेनात. म्हणाले, बर्फाच्या पेटीत अंधार असतो, मी झाकण उघडलं तेव्हा तिची नळी चमकत होती. डॉक्टर चिडले. “अरे, खास दिवा आणि रंग असल्याशिवाय ती चमकूच शकत नाही!”

मुनीरभाई हात जोडून म्हणाले, “साब, वो नली को किधर मालूम है!”

मग डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. म्हणाले, रक्ताचं काम पहारेकऱ्याचं. परक्याला मारायचं, आपल्याला सोडायचं. हिच्या रक्ताची ओळख चुकलीय. ते आपल्याच काळजातल्या नळ्यांना परकं समजून खातंय. जगात आत्ता आत्ता हे लोकांना कळू लागलंय, जिजी. औषध नाही अजून.

मी म्हटलं, औषध नाही तर नाही, पण तिला हे सांगायचा हक्क आहे. जमनापाशी बसले. “जमना, तुन्हं कायीज कोनी खाई नही ऱ्हायनं. तुन्हंच रगत खाई ऱ्हायनं. ते तुले वयखत नही.” म्हणजे तुझंच रक्त तुला ओळखत नाही.

तिनं खाजवणं थांबवलं. मला वाटलं रडेल आता. ती म्हणाली,

“आमना घरनी सवय लागेल व्हई तेले!”

*

तर ते भांडण.

त्या दिवशी सकाळी जमनाची सुई झाली होती. सुईनंतर पेशंटनं उजव्या कुशीवर, बरगडीखाली घडी दाबून, दिवे लागेपर्यंत हलायचं नाही; आत रक्त सुटलं तर संपलं! डॉक्टर सवयीप्रमाणे तुकडा बाटलीत घालून उजेडात बघायला अंगणात आले. बाटली सूर्याकडे धरली. हिरवट झाक असलेली शेवई. आणि नेमके त्याच वेळी शहाद्याच्या बाजारात केळी घालून भगवान आप्पा गाडी घेऊन आलेले. आनंदानं, म्हणजे जमनाच्या नवऱ्यानं, हात जोडून पाठवलं होतं त्यांना, की पोरीची हळद आहे, जमनाला आणा. ते आले होते तिला नेणार नाही असं सांगायला. ते सांगायच्या आधीच त्यांना दिसलं, की जमनाच्या पोटातून काळीज निघालं!

डाकिणीच्या पोटातून काळीज निघालं तर ते तिचं कसं असेल? भगत म्हणाला ते खरं झालं की! बाटली घेऊन जायची, भगतापुढे ठेवायची, गावापुढे ठेवायची.

ऊन कललं तरी भांडण चालूच.

“बाटली आमले द्या. बाई तुम्ही ठेवा!”

“बाटली आज दोंडाईच्याच्या एस.टी.नं स्टेशनवर जाणार, तिथून मुंबईला! दोन वर्षं मी या तुकड्याची वाट बघतोय. बाईला न्यायचं तर न्या, उद्या न्या, पण बाटलीला हात नाही लावायचा!”

हे डॉक्टर बोलले आणि मी गर्रकन वळून त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनाही बाटली हवी होती! बाई दोघंही एकमेकांच्या पदरात टाकत होते. मी तसं तोंडावर म्हटलं. डॉक्टर ओशाळले, पण मूठ काही सोडली नाही.

आत जमना सगळं ऐकत होती. पण बोलणार कशी? आमच्याकडे सून जेठाशी बोलत नाही. त्याच्यासमोर पदर नाकापर्यंत, आवाज दाराआड. काही सांगायचं तर लेकराच्या तोंडून सांगायचं, नाहीतर भिंतीला सांगायचं, आणि जेठानं ऐकायचं. लग्न झाल्यापासून भगवान आप्पांनी जमनाचा आवाज ऐकला नव्हता. तिला डाकीण म्हणताना ती काय म्हणते हे ऐकायची त्यांना कधी सोयच नव्हती!

माझ्या पाठीमागे खाट करकरली.

“जमना, हलू नकोस!” डॉक्टर ओरडले. “रक्त सुटेल!”

ती माझ्या खांद्यापाशी आली. मला वाटलं आधार हवाय. तिनं मला नुसतं बाजूला केलं, दार उघडावं तसं. एक हात बरगडीखालच्या घडीवर. अंगणात उतरली. आप्पांनी रीतीप्रमाणे मान फिरवली, सुनेकडे बघायचं नाही म्हणून. तिनं पदर कपाळावरून मागे टाकला. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या त्या पिवळ्या गाठी उन्हात चमकल्या.

डॉक्टरांपुढे तिनं तळहात धरला. कर्णिक डॉक्टरांनी आयुष्यात कुणाला काही दिलं नसेल इतक्या निमूटपणे बाटली तिच्या हातात ठेवली. मी त्यांना नंतर विचारलं, का दिलीत? म्हणाले, “तिची होती ना, जिजी.”

जमनानं बाटली उन्हात धरली. स्वतःच्या काळजाकडे बघत राहिली. तळाशी आडवी पडलेली ती शेवई हळूहळू उठली, उभी राहिली, आणि तिच्या बाजूला कलली. मुनीरभाई खिडकीतून बघत होते. ते मरेपर्यंत म्हणत राहिले, पाणी हललं असेल. मी तिच्या हाताकडे बघत होते. तो हात, जो कधी खाजवल्यावाचून राहिला नाही, तो खडकासारखा स्थिर होता.

मग ती गाडीकडे गेली. चाकावर पाय ठेवून वर चढली, बसली, पाय पोटाशी घेतले. बैलांनी कान मागे केले. आप्पा कासरा धरून खालीच उभे. तिनं बाटली त्यांच्याकडे केली. आतली शेवई हळूच त्यांच्या बाजूला वळली.

 आप्पांचा हात पुढे होईना, मागेही होईना.

जमना पहिल्यांदाच आपल्या जेठाच्या डोळ्यांत बघून, लेकराला समजवावं अशा आवाजात बोलली,

“धरा आप्पा, पन सांभायीसन धरा, घर येवालगून ते तुम्हले वयखाले लागी.”